सौदा अण्णांनाच करू द्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी 47 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. माहेर कराडजवळ. वडील, म्हणजे अण्णा, 79 वर्षांचे. पोरवयात ते फार्गो ट्रकवर क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले. कोल्हापूरचा गूळ आणि साखर मुंबईला नेत. पुढे एका ट्रकच्या शोरूममध्ये पंचवीसेक वर्षं विक्रीचं काम केलं. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी, 1984 सालची टाटा 1210 घेतली आणि काही हंगाम ड्रायव्हर ठेवून उसावर लावली. आता ती घरामागे बाभळीखाली उभी आहे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून अण्णा सतत ट्रकच्याच गोष्टी सांगतात, आणि त्याही ठरलेल्या चार: कुंभार्ली घाटातली रात्र, जमशेदपूरहून आणलेली चासी, थंडीत सुरू न होणारी फार्गो, आणि पोत्यात पैसे घेऊन आलेलं गिऱ्हाईक. नातवंडं उठून जातात. दादाला मागच्या जागेत दोन खोल्या बांधायच्या आहेत. भंगारवाला तीनदा येऊन गेला. अण्णांनी पहिल्यांदा त्याला हाकलला. दुसऱ्यांदा चहा पाजून लोखंडाचा दर विचारला आणि म्हणाले, “या भावात? जा.” तिसऱ्यांदाही तेच. माझा मुलगा बर्मिंगहॅमला असतो. त्याने तिकडच्या जुन्या बेडफर्ड आणि फोडन लॉऱ्यांच्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला. तो बघून मला वाटलं, अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्यांचा ट्रक असाच नवाकोरा करून दारात उभा करावा. काहीतरी निमित्त सांगून गाडी गुपचूप गॅरेजला न्यायची, आणि सोबत त्यांच्या आठवणींचं पुस्तक. दादा म्हणतो, “पैसे जास्त झालेत का तुला?” त्याला कसं समजावू?

उत्तर:

ताई, दादाला समजवायचं नंतर बघू. आधी एक सांगा, अण्णांना कुणी विचारलंय का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुमचं मत आहे, दादाचं आहे, नातवंडांचं आहे, बर्मिंगहॅमच्या चिरंजीवांचंही आहे. अण्णांचं म्हणावं असं एकच वाक्य आहे, तेही तुम्ही ओघात लिहून गेलात: “या भावात? जा.” तुम्ही त्याचा अर्थ लावलात की अण्णांना गाडी सोडवत नाही. मला त्यात दुसरंच ऐकू आलं. ज्याला वस्तू विकायचीच नाही तो माणूस भंगारवाल्याला चहा पाजून लोखंडाचा दर कशाला विचारेल? अण्णा “विकायची नाही” म्हणालेले नाहीत. ते भाव करत आहेत, आणि घरातल्या कुणालाच ते कळलेलं नाही.

हा माणूस पंचवीस वर्षं गाड्या विकत होता, हे विसरू नका. वाहनाची ताटातूट हा तर त्याचा रोजचा धंदा. आपण नोकरदार माणसं एकच स्कूटर वीस वर्षं वापरतो आणि विकताना डोळे पुसतो. विक्रीतला माणूस असा नसतो. त्याला गाडी गेल्याचं दुःख कमी असतं. ती पडेल भावाने गेली, मागच्या दाराने गेली, आपल्याला न विचारता गेली, तर मात्र ते त्याला जिव्हारी लागतं. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण तुमचाही अंदाजच आहे, आणि त्यावर तुम्ही काही लाख रुपये लावायला निघाला आहात.

आता त्या सरप्राइजविषयी. बायको जाऊन दोन वर्षं झालेल्या माणसाने सकाळी मागचं दार उघडावं आणि रोज दिसणारी गाडी तिथे नसावी, ही कल्पना मला काही बरी वाटत नाही, मग निमित्त कितीही गोड सांगा. शिवाय गाडी त्यांच्या नावावर असेल, तर कुठल्याही कागदावर त्यांचीच सही लागणार. आणि समजा, सगळं जमलं. हार घातलेला चकचकीत ट्रक दारात आला. अण्णा काय करतील? तुमच्या डोळ्यांसमोर पाणावलेले डोळे आहेत. मला वाटतं, ते वाकून आधी स्प्रिंगचे पाटे बघतील, मग बोनेट उघडायला लावतील आणि विचारतील, “रंगाचे किती घेतले? फसवलं तुला.”

व्हिडिओतल्या लॉऱ्यांचंही जरा बघू. इंग्लंडात लंडन ते ब्रायटन अशी जुन्या व्यापारी गाड्यांची फेरी 1962 पासून निघते. तिच्यामागे क्लब आहेत, सुटे भाग सांभाळणारी माणसं आहेत, आणि शनिवार-रविवार हात काळे करणारे हौशी मालक आहेत. तिथे दिसते ती मिरवणूक, पण त्याआधीची वर्षानुवर्षांची निगा व्हिडिओत येत नाही. तुमच्याकडे सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गाडीला तेलपाणी कोण करणार? तुम्ही सोमवारी पुण्यात. दादा शेतात. वहिनी अण्णांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतात, त्यांनी आता ट्रकचाही ग्रीस-पंप हातात घ्यायचा का?

आपल्याकडचा कायदाही मध्ये येतो, आणि हे ज्यांच्या परड्यात अशी गाडी उभी आहे त्या सगळ्यांसाठी लिहिते. 2021 साली केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचा नियम आणला, पण तो खासगी वापराच्या, 50 वर्षांहून जुन्या दुचाकी आणि मोटारींसाठी. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही, आणि 1984 च्या गाडीची तर पन्नाशीही झालेली नाही. म्हणजे ती रस्त्यावर आणायची तर ट्रक म्हणूनच आणावी लागेल: फिटनेस, कर, विमा, पीयूसी, सगळं. इतकी वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक ड्रमला धरलेले असतात, क्लच प्लेट चिकटलेली असते, टाकीत गाळ असतो, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असतं. टायर नुसते दिसायला टायर. कुणी उत्साही पोरगा “बॅटरी लावून मारू का स्टार्टर” म्हणाला तर त्याला थांबवा. आधी ऑइल बदलून, पाणी बघून, इंजिन हाताने फिरतंय का ते पाहावं लागतं. चालती गाडी करायला किती लागतील हे जाणत्या मेकॅनिकने बघूनच सांगावं, पण सहा टायर आणि हौद्याचं लाकूड एवढ्याचाच हिशेब केलात तरी दादाचं वाक्य तितकंसं कडू लागणार नाही.

मग भंगारात द्यायची का? द्यायचीच ठरली तर हातगाडीवाल्या भंगारवाल्याला देऊ नका, त्याने भाव चढा सांगितला तरी. नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं, त्यावर नवं वाहन घेताना करात सवलत मिळू शकते, आणि मुख्य म्हणजे आरटीओत नोंदणी रद्द होते. गाडी गेली आणि आरसी अण्णांच्याच नावावर राहिली, तर तो नंबर पुढे कुठल्या गाडीवर लागेल याचा नेम नाही, आणि नोटीस अण्णांच्या नावाने येईल. थकलेला कर किती, गाडी उभी असल्याचा नॉन-यूजचा अर्ज कधी दिला होता का, हे आधी आरटीओत जाऊन बघा. अर्ज दिलेला नसेल तर गाडी हललीच नाही असं नुसतं तोंडी सांगून भागणार नाही.

तिसरी वाट म्हणजे गाडी विकणं. 1210 चे भाग शोधणारे लोक अजून आहेत. हायवेवरच्या हॉटेलांना दारात उभी करायला जुनी गाडी हवी असते, शूटिंगला भाड्याने देणारेही विचारतात. हरियाणात तावडूला वाहतुकीचं मोठं संग्रहालय आहे. त्यांना पत्र टाकायला हरकत नाही, पण 1210 ही काही दुर्मीळ गाडी नव्हे, म्हणून आशा फार ठेवू नका. कुणालाही विकलीत तरी नावावर करून दिल्याशिवाय किल्ली सोडायची नाही.

आणि इथे मी माझं मत सांगून टाकते. यातलं काय करायचं हे अण्णांनी ठरवावं, आणि सौदा त्यांनीच करावा. दादाने फक्त तारीख सांगावी: “अण्णा, अमुक महिन्यात पाया खणायचाय, तोवर गाडीचं बघायचंय. तुम्ही बघता का?” तीन गिऱ्हाइकं आणा. त्यातला एक तो भंगारवाला असू दे. अण्णांना खुर्ची टाकून द्या आणि मध्ये बोलू नका. सौद्यात चार हजार कमी आले तरी गप्प बसा. ते म्हणाले, “नाही विकायची, इथंच राहू दे,” तर तेही उत्तरच आहे. मग दादाच्या खोल्या गाडी ठेवून बसतात का, गाडी दहा फूट सरकते का, याचं त्याच्याबरोबर बसून माप घ्या. पण आधी त्यांना गिऱ्हाईक तर बघू द्या.

आता गोष्टींचं. ठरलेल्या चार गोष्टी म्हणजे म्हातारपणाची टकळी असं घरात धरलं गेलंय. एक खुलासा करून ठेवते: आवडती गोष्ट महिन्यात पाचदा सांगणं निराळं, आणि तासाभरापूर्वी सांगितलेली गोष्ट सांगितलीच नाही असं समजून पुन्हा सांगणं निराळं. दुसरं होत असेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल, पैशांचा हिशेब लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. लोखंडाचा दर घासून विचारणाऱ्याचा हिशेब ठीकच असणार.

मग तेच ते का सांगतात? कारण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. ऐकणारा “हो का” म्हणतो आणि मोबाइल बघतो. सांगणाराही मग जेवढ्यावर समोरचा उठून जात नाही तेवढंच सांगायला शिकतो. तुम्ही पुस्तक काढायला निघालात, पण त्या चार गोष्टींच्या आत अजून कुणी शिरलेलंच नाही.

घाटाचीच गोष्ट घ्या. त्या रात्री नेमकं काय झालं हे तुम्ही मला लिहिलेलं नाही, बहुधा तुम्हालाही माहीत नसावं. जुन्या बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर आपोआप जुळवून घेणारी सोय, नसे. भरल्या गाडीने घाट चढताना खालचा गिअर टाकायचा म्हणजे क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अंदाजाने रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर. रेस कमी पडली की दातावर दात घासून खर्रर्र होणार. तेवढ्या दोन क्षणांत गाडीचा जोर मेला तर ती मागे सरकणार, आणि क्लीनरने लाकडी ठोकळा घेऊन अंधारात उडी टाकून तो मागच्या चाकाखाली सरकवायचा. उतरताना नियम असा की ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सगळा भार ब्रेकवर टाकला की ड्रम तापतात, आणि तळाला पोचेपर्यंत पायाखाली पेडल असतं पण ब्रेक नसतो. पॉवर स्टिअरिंग नाही. वळणाला अख्खं अंग चाकावर टाकायचं. आता अण्णांना विचारा, त्या रात्री ते कुठल्या बाजूला होते, स्टिअरिंगवर की ठोकळा घेऊन खाली? क्लीनर असतील तर त्यांचा उस्ताद कोण? शिव्या द्यायचा का? स्टिअरिंग पहिल्यांदा हातात कधी दिलं, रिकाम्या गाडीवर की भरल्या?

नातवंडांना गोष्ट ऐकायला बसवू नका, त्यापेक्षा डबल क्लच शिकायला पाठवा. गाडी बंद आहे, हलत नाही, पण गिअरचा दांडा आणि पेडल अजून जागेवर असतील. उठून जाणारी पोरं तिथे थांबतील असं मला वाटतं. नाही थांबली तर नाही.

फार्गोची गोष्टही अशीच उकलता येईल. ती गाडी मुंबईत कुर्ल्याला व्हायची, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून. डॉज, फार्गो, डीसोटो अशा तीन नावांनी ट्रक विकले जायचे, आणि पाट्या काढल्या तर गाडी एकच. टाटांची गाडी 1954 पासून जमशेदपूरहून येऊ लागली. टाटांचा मर्सिडीजवाल्यांशी असलेला करार 1969 ला संपेपर्यंत तिच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा होता. पुढे ट्रक विकायला बसलेल्या माणसाला हे सगळं ड्रायव्हर म्हणून आधी भोगून झालेलं होतं. मला विचाराल तर अण्णांचं खरं भांडवल हेच. समोर गिऱ्हाईक बसलंय, ते विचारतंय “चढाला ओढेल का?”, आणि उत्तर देणाऱ्याने स्वतः चढ चढलेला आहे. अण्णा तेव्हा खरं सांगायचे का, की विकायचं म्हणून हो म्हणायचे? हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. रागावणार नाहीत. विक्रीतल्या माणसाला हा प्रश्न आवडतो.

चासीच्या गोष्टीत तर एक अख्खं जग बंद पडलेलं आहे. आजच्या पोरांना वाटतं, शोरूममधून ट्रक मिळायचा. मिळायची ती चासी: इंजिन, बोनेट, पुढचा पत्रा, मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि चाकं. केबिन नाही, दार नाही, छप्पर नाही. कारखान्यातून ती चालवत आणणारा ड्रायव्हर उघड्यावर लाकडी खोक्यावर बसून यायचा. डोळ्यांना गॉगल, कानाला मफलर, तोंडावर धूळ. जमशेदपूरहून कराडपर्यंत अशी गाडी आणायची म्हणजे अर्धा देश वाऱ्यात बसून ओलांडायचा. पाऊस आला की काय करत? रात्री चासी कुठे लावत? मग इथे आल्यावर सुतार, लोहार आणि पेंटर मिळून तिचा ट्रक करत. हौदा, फाळके, ताडपत्रीचे हूक, केबिनवर ‘पब्लिक कॅरियर’ची पाटी, मागे मालकाच्या आईचं नाव. नवं गिऱ्हाईक चासीच्या किमतीपुरते पैसे जमवून यायचं, आणि बॉडी, विमा, परमिट, पहिली जकात, ड्रायव्हरचा भत्ता हे त्याच्या हिशेबातच नसायचं. चांगला विक्रेता हे आधी सांगायचा. अण्णा कुठल्या सुताराकडे पाठवत? सुताराकडून काही सुटायचं का? (हे हसत विचारा.)

पोत्यात पैसे घेऊन आलेला माणूस लक्षात राहिला, कारण बाकीचे कर्जाने घेणारे होते. 1969 ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि एक-दोन गाड्यांच्या मालकालाही बँकेत बसायला खुर्ची मिळू लागली. 1975 ला नॅशनल परमिट, म्हणजे राज्याबाहेर माल न्यायचा परवाना, आलं. काल दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असलेला माणूस आज मालक, असं होऊ लागलं. पण हप्ता थकला की गाडी ओढून नेत, हेही त्याच वर्षांतलं. उसाचा हंगाम पडला, डिझेल चढलं, माल मिळवून देणाऱ्या हुंडेकऱ्याने भाडं अडकवलं, कारण काहीही असो. ज्याने पेढे खात चासी नेली त्याचीच गाडी परत आलेली अण्णांनी कधीतरी पाहिली असेल. त्या गोष्टी चारांत नाहीत, हे लक्षात घ्या. विचारल्यावर ते उठून गेले किंवा विषय बदलला तर पाठलाग करू नका. पुस्तक पुरं व्हावं म्हणून माणसाच्या मागे लागायचं नसतं.

पुस्तकाची घाई मुळीच करू नका. फोनवर रेकॉर्ड करा, एका बैठकीला अर्धा तास पुरे, आणि फाइलला तारीख आणि विषय लगेच लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी कुठल्या फाइलमध्ये काय आहे ते सापडणार नाही. दिवाणखान्यात समोरासमोर बसवून “सांगा आठवणी” म्हटलंत तर भाषण मिळेल. गाडीत बसवा, पायरी चढवत असेल तर. नसेल तर जुनं आरसी बुक, परमिट, बिल्टी (मालाची पावती), शोरूमची डायरी असं काही हातात द्या. सन चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, नंतर कागदावरून लावता येतो. डायरीत गिऱ्हाइकांची नावं आणि कर्जाचे आकडे असतील, ती पानं घरातच राहू द्या, फेसबुकवर टाकू नका. त्या शोरूममधले, त्या रस्त्यावरचे अण्णांचे जोडीदार कुणी हयात असतील तर त्यांना घरी बोलवा. दोन ड्रायव्हर एकत्र बसले की पाचवी गोष्ट आपोआप निघते, कारण पहिल्या चार दोघांनाही माहीत असतात.

सहस्रचंद्रदर्शनाला काय करायचं, हे तोवर ठरेलच. गाडी विकली गेली तर त्या पैशांचं काय करायचं तेही अण्णांनाच ठरवू द्या, “ठेवा तुमच्या नावावर” असं लगेच म्हणू नका. एखादा फाळका, स्टिअरिंग किंवा बोनेट ठेवून घ्यायची इच्छा झाली तर घेणाऱ्याशी किंवा स्क्रॅपिंग केंद्राशी ते आधी बोलून घ्या. चासी नंबरचा तुकडा मात्र मागू नका, तो नोंदणी रद्द करायला लागतो.

राहिला दादा. त्याला इंग्लंडचा व्हिडिओ पुन्हा दाखवू नका. अण्णांजवळ रोज राहणारा तो आहे, आणि घराला खोल्या हव्या आहेत ही काही भावनाशून्य मागणी नव्हे. त्याला फोन करून एवढंच विचारा की पाया कधी खणायचाय, आणि सांगा की आरटीओच्या चकरा तुम्ही मारणार आहात. त्या खरंच मारा. दोन दिवसांची रजा टाका, शनिवार-रविवार सोडून, कारण तेव्हा ऑफिस बंद असतं.